खिळ्यावरची किल्ली

व्हॅनकाकूंनी चष्म्यांच्या काचेच्या काउंटरवर वाकडा झालेला वाल्व आपटला, तेव्हा भावजी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. गिऱ्हाईक दचकलं, फ्रेम घसरली आणि भावजींचं तोंड उघडायच्या आत बाई पडदा बाजूला करून मागच्या खोलीत गेल्यासुद्धा.

मागची खोली वहिनींची. पुढे दिराचं चष्म्यांचं दुकान, मागे भावजयीचं तपासाचं टेबल. वहिनींनी उमेदीची सगळी वर्षं विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासण्यात घालवली. मग एका साहेबाने अहवाल बदलून मागितला, तेव्हा अहवाल त्याच्या टेबलावर आणि राजीनामा त्याच्या अंगावर टाकून त्या घरी आल्या. तेव्हापासून खासगी तपास. भावजी त्यांना स्कूटरवरून नेतात आणि सोबत राहतात. दुसऱ्यांना चष्मे विकणाऱ्या या माणसाला स्वतःला काही दिसत नाही, असं वहिनी तोंडावर म्हणतात. भावजी ते मनावर घेत नाहीत, निदान तसं दाखवतात.

"माझं इंजिन मी मारलेलं नाही," काकू म्हणाल्या. कोपरापर्यंत हात काळे होते आणि आवाज थरथरत होता, पण रडण्याने नव्हे. "सगळी गल्ली म्हणते मी मारलं. संध्याकाळी बैठक आहे. त्याच्या आत मला कळायला हवं."

"बसा."

"बसवत नाही."

"मग उभ्याने सांगा. राग मागाहून काढू, माझ्याकडेही शिल्लक आहे. आधी काय घडलं ते."

काकू शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या व्हॅनवर. गल्लीतली सगळीच माणसं आपापल्या जुन्या गाड्या घरीच दुरुस्त करणारी. काही हत्यारं अशी असतात की वर्षातून एकदा लागतात आणि किंमत ऐकून घशाला कोरड पडते. म्हणून सगळ्यांनी मिळून हत्यारांचं मंडळ काढलेलं. कपाट कप्तानांच्या घरी.

"प्रत्येक हत्याराचा एक खिळा," काकू म्हणाल्या. "हत्यार नेलं की आपल्या गाडीची किल्ली त्या खिळ्याला लावायची. हत्यार परत आणलं की किल्ली घेऊन जायची."

"किल्लीच का?" भावजींनी विचारलं. गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडून ते पडद्याशी येऊन उभे होते.

"इंजिन उघडं असताना घरातलं कोणी चुकून गाडी चालू करू नये म्हणून. आणि गाडी अडली की माणूस हत्यार दाबून ठेवत नाही."

"पुढे," वहिनी म्हणाल्या.

"सुट्टीत टायमिंग बेल्ट बदलायला घेतला. आमच्या गाडीत क्रँकचं दातेरी चाक नुसत्या एका बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. त्याला खाच नाही, खुंटी नाही. बोल्ट ढिला राहिला तर चाक सरकणार, आणि चाक सरकलं की वाल्व पिस्टनवर आपटणार. म्हणून तो बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचा."

भावजींचा चेहरा कोरा दिसला तशा वहिनी म्हणाल्या, "लांब दांड्याचा पाना असतो, भावजी. किती जोराने आवळायचं तो आकडा मुठीवर फिरवून लावायचा. तेवढा जोर पडला की पाना कट् असा वाजतो. वाजला की थांबायचं. अंदाजाचा प्रश्न नाही."

"मी आकडा लावला. आवळलं. कट् वाजलं. मला वाटलं जरा लवकर वाजलं, पण एवढं महाग हत्यार घेतलं ते आपल्या वाटण्यावर जायला नको म्हणूनच ना? इंजिन हाताने फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. चालू केलं, छान चाललं. चौकापर्यंत गेले आणि आत कोणी घण घातल्यासारखा आवाज झाला."

"उघडल्यावर काय दिसलं?"

"बोल्ट आवळला की मी त्याच्यावरून चाकापर्यंत नखांच्या रंगाची एक रेघ ओढते. माझी सवय. उघडलं तर रेघ तुटलेली. अर्धी बोल्टवर, अर्धी चाकावर भलतीकडे."

वहिनींनी मान हलवली. "म्हणजे चाक सरकलं. बोल्ट कमी आवळला गेला होता. प्रश्न एवढाच, की तुम्ही कमी आवळलात की पाना खोटं बोलला."

"मंडळाचा नियमच आहे. हत्याराची चूक असेल तर नुकसान सगळ्यांचं. सगळे मिळून इंजिन बांधून देतात. हाताची चूक असेल तर एकट्याचं. वर आज ते मला मंडळातून काढणार. सोमवारी शाळा उघडते. मुलांचे आईबाप दुसरी व्हॅन बघतील, आणि एकदा लावलेली व्हॅन कोणी बदलत नाही." काकूंनी वाल्व मुठीत आवळला. "म्हणतात, बाईमाणसाने इंजिनात हात घालावा कशाला."

"कोण म्हणतं?"

"वकील. बाकीचे माना डोलावतात. माझा सख्खा भाऊसुद्धा. त्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, मंडळ त्यानेच काढलं, मला इंजिनाचं काम त्यानेच शिकवलं. तो म्हणतो, कबूल कर आणि मोकळी हो, मी जमेल तशी मदत करीन."

"पेटी उघडली तेव्हा पाना कसा होता? जसा दिसला तसा सांगा."

काकूंनी डोळे मिटून आठवलं. "पुसलेला होता. आकडा खाली उतरवलेला. मुठीला मऊ काळी पट्टी गुंडाळलेली, आधी ती नव्हती. पाना कुठल्या बाजूने फिरवायचा तो खटका डावीकडे होता, मी उजवीकडे केला. बस."

"बस," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. "भावजी, दुकान बंद करा."

"गिऱ्हाईक बसलंय."

"त्याला सांगा, डोळे अजून थोडे दिवस चालतील."

*

कप्तान कधीच कप्तान नव्हते. जहाजाच्या इंजिनघरात त्यांचा जन्म गेला होता, पण गल्लीने बढती दिली ती दिली. दार उघडताच त्यांनी भावजींना ओळखलं.

"चष्मा झकास झालाय हो. डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा घरातली जळमटं दिसली."

कपाट मात्र लखलखीत होतं. घट्ट बसलेलं चाक ओढून काढायचा पुलर गोणपाटाच्या पिशवीत, वाल्वची स्प्रिंग दाबायचं हत्यार लाकडी खोक्यात, टॉर्क रेंच कडी लावलेल्या पत्र्याच्या पेटीत. प्रत्येकाच्या वर एक खिळा.

"परत आलेलं प्रत्येक हत्यार मी भिंगाखाली बघतो," कप्तान म्हणाले. मग जरा ओशाळले. "ऑपरेशनच्या दिवसांत तेवढं राहिलं."

"त्या दिवसांत टॉर्क रेंच कुठे कुठे फिरला?"

"आधी बेकरीवाल्याने नेला. त्याच्याकडून वकिलाने परस्पर घेतला, तेच चुकलं. मी इस्पितळात असताना वकील परत ठेवून गेला. मग एकदम व्हॅनवाली."

"मध्ये दुसरं कोणी आलं नाही?"

"तिचा भाऊ येऊन गेला, पण तो पुलरसाठी. त्यालाही स्वतःच्या गाडीचा बेल्ट बदलायचा होता. भाऊबहिणीची गाडी एकाच जातीची. मी डोळ्यावर पट्टी बांधून आडवा पडलेलो. म्हटलं, बाबा, तूच घे कपाटातून. पेटीची कडी वाजली, किल्ली खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला, गेला. काम झाल्यावर परत ठेवून गेला. गुणी माणूस."

वहिनींनी रेंच हातात घेतला. "ही पट्टी तुम्ही गुंडाळलीत?"

"मी कशाला? मला वाटलं तिनेच गुंडाळली असेल. बायकांना हाताला मऊ लागतं."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कप्तानांनी नवा चष्मा काढून पुसायला घेतला.

*

वकिलांच्या अंगणात एक जुनी मोटार कापडाखाली झाकून ठेवली होती. वकिलांनी दोघांना बसा म्हटलं नाही.

"हत्यार खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. कोर्टात रोज बघतो मी."

"तुम्ही रेंच कशाला नेला होता?"

"चाकांचे नट आवळायला. चारही चाकं, एकेक नट, आकडा लावून. हे बघा." त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर सुकलेल्या फोडांची रांग होती. "त्या मुठीच्या लोखंडाला कानशीसारखे खवले आहेत. सोलून निघाला हात. पण तक्रार केली का? नाही. नियम म्हणजे नियम."

"आणि नट सोडवले कशाने?"

"गाडीबरोबर पाना येतो त्याने. बाई, टॉर्क रेंचने सोडवायचं नाही हा मंडळाचा पहिला नियम आहे. आतली स्प्रिंग कामातून जाते. असं करील तो मंडळातून कायमचा बाहेर. फ्रीजवाल्याने हा नियम स्वतः घालून घेतला. हत्यार घ्यायला आम्ही कुरकुरत होतो तेव्हा त्याने व्याख्यान दिलं होतं, अंदाजाने आवळणारा माणूस इंजिनाचा खुनी. तेव्हा हसलो होतो. आज त्याच्याच बहिणीने खरं करून दाखवलं."

बाहेर आल्यावर भावजी तणतणले. "हा माणूस मला मुळीच आवडला नाही."

"आवडायला तुम्हाला कोणी स्थळ दाखवलं नव्हतं. त्याचा हात पाहिलात ना?"

"फोड आलेत. मग?"

वहिनी बेकरीकडे चालू लागल्या.

*

बेकरीवाला पाव भट्टीतून काढता काढताच बोलला. पीठ मळायच्या मोठ्या यंत्राचं पातं सारखं ढिलं व्हायचं, म्हणून त्याने रेंच नेला होता.

"त्याचा नट उलट्या आट्यांचा. डावीकडे फिरवला की आवळतो. खटका डावीकडे केला, आवळला, काम झालं. पण माझे हात पिठाचे. मुठीच्या खवल्यांत पीठ जाऊन बसलं. ब्रश घेऊन एकेक खाच साफ केली आणि मग वकिलांना दिला. पूर्वी एकदा कप्तानांनी एका डागावरून माझी सगळ्यांसमोर शोभा केली होती."

भावजींनी वहिनींचा पदर ओढायचाच बाकी ठेवला होता. भट्टीपासून लांब येताच ते म्हणाले, "खटका डावीकडे. काकू तेच म्हणाल्या. सापडला."

"काय सापडलं?"

"याने यंत्रावर जोर करून पाना बिघडवला."

"भावजी, याच्यानंतर रेंच कोणाकडे गेला?"

"वकिलांकडे."

"वकिलांनी काय केलं?"

"चाकांचे नट आवळले," भावजी म्हणाले आणि थबकले. काहीतरी जुळत नव्हतं एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळेना.

*

काकूंचे दादा दुकानात एका उघड्या फ्रीजपाशी बसले होते. माणूस शांत, बोलणं गोड. त्यांनी दोघांना स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. तांब्याच्या नळ्यांवर काळी मऊ पट्टी गुंडाळायचं काम चाललं होतं. बाहेर त्यांची व्हॅन उभी होती, काकूंच्यासारखीच, धुतलेली.

"चिमी लहानपणापासून धांदरट," ते हळहळून म्हणाले. "मी तिला म्हटलं, मान्य करून टाक. माणसाच्या हातून होतं. तिला वाटतं मी तिच्या विरुद्ध आहे."

"तुम्ही पण बेल्ट बदललात म्हणे."

"हो. पुलर आणला होता."

"क्रँकचा बोल्ट जुन्या गाड्यांत हटता हटत नाही. कसा सोडवलात?"

"कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून लांब दांड्याचा पाना उसना आणला."

"आणि आवळताना?"

"हाताने. इतकी वर्षं झाली, हाताला कळतं." दादा हसले. मग हसू जरा लांबलं आणि ते पुन्हा नळीकडे वळले.

दाराला आतून आडवा लावायला दोन हात लांबीचा लोखंडी पाइप भिंतीशी टेकवून ठेवला होता. निघताना वहिनींनी तो उचलून पाहिला. त्याचं एक तोंड चेपून लांबट झालं होतं आणि आतल्या बाजूला चकचकीत ओरखडे होते. त्यांनी तो होता तसा ठेवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण भावजी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. वहिनींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"भावजी, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जा आणि तिथला टॉर्क रेंच संध्याकाळपुरता मागून आणा."

भावजी परत आले ते घामाघूम, पायी, बगलेत रेंच धरून. "स्कूटर ठेवून घेतली मेल्याने. वर तासभर ऐकवलं. म्हणतो, तुमच्या गल्लीचं मंडळ निघाल्यापासून तिथलं काळं कुत्रं माझ्याकडे हत्यार मागायला आलं नाही, आणि आज अडलं तर आलात. मी त्या गल्लीतला नाही हे सांगायला गेलो तर ऐकूनच घेईना."

"काय म्हणाला? कोणी आलं नाही?"

"एक माणूस नाही म्हणाला."

"शाबास," वहिनी म्हणाल्या. भावजींना शाबासकी कशाची ते कळलं नाही, पण पाय दुखायचे थांबले.

*

संध्याकाळी कप्तानांच्या पडवीत सगळे जमले. वकील खुर्चीत, बेकरीवाला पायरीवर, दादा खांबाला टेकून. काकू एकट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. भावजी जाऊन तिथे उभे राहिले. त्यांना ते सहन झालं नाही.

"सुरू करू," वकील म्हणाले. "प्रश्न साधा आहे."

"आहेच," वहिनी म्हणाल्या. "एक बादली आणा. आणि पाणी."

कप्तानांच्या बाकावर लोखंडी व्हाइस बसवलेला होता. वहिनींनी त्यात एक बोल्ट पकडला, त्यावर गॅरेजमधला रेंच आडवा बसवला, आकडा लावला आणि मुठीला बादली टांगली.

"कप्तान, तुम्ही ओता. सावकाश."

कप्तान तांब्याने पाणी ओतत गेले. बादली भरत आली. काठाशी पाणी आलं तेव्हा रेंच कट् वाजला. सगळ्यांना ऐकू आला.

वहिनींनी मंडळाचा रेंच बसवला. तोच आकडा, तेच अंतर, तीच बादली रिकामी करून. कप्तानांनी ओतायला सुरुवात केली. बादली अर्धीही भरली नव्हती, आणि कट्.

कप्तानांनी बादली काढली, पुन्हा लावली, पुन्हा ओतलं. पुन्हा तिथेच वाजला.

"हत्यार खोटं बोलतं, वकीलसाहेब," वहिनी म्हणाल्या. "बाईच्या हाताने आकडा बरोबर लावला होता. पान्याने तिला अर्ध्यावर थांबवलं. आता हा पाना खोटं बोलायला शिकला कोणाकडे ते पाहू."

वकिलांनी खुर्चीतल्या खुर्चीत जागा बदलली.

"टॉर्क रेंचची आतली स्प्रिंग अशी जाते एकाच कारणाने. कोणीतरी त्याने अडलेला बोल्ट सोडवतो. हातांचा जोर पुरत नाही म्हणून दांड्यावर पाइप घालतो. बोल्ट सुटतो, स्प्रिंग मरते. काकूंनी पेटी उघडली तेव्हा खटका डावीकडे होता. नेहमीचा बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो. म्हणजे काकूंच्या आधी ज्याने रेंच वापरला त्याने काहीतरी सोडवलं."

"माझा नट उलट्या आट्यांचा होता," बेकरीवाला घाईने म्हणाला. "मी आवळत होतो."

"होता. म्हणून भावजींनी तुम्हाला फासावर चढवलं होतं. पण तुमच्यानंतर वकिलांनी चाकांचे नट आवळले. त्यांना खटका उजवीकडे केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तुमचा डावा खटका तिथेच संपला. काकूंना सापडलेला डावा खटका वकिलांच्या नंतरचा."

"मी परत आणून ठेवला तेव्हा..." वकील म्हणाले.

"तुम्ही काही सोडवलेलं नाही. तुमचे फोड तुमचे साक्षीदार आहेत. खवल्यांनी हात सोलला म्हणजे तेव्हा मुठीला पट्टी नव्हती. बेकरीवाल्यांनी तर खवल्यांतलं पीठ ब्रशने काढलं. आणि काकूंनी पेटी उघडली तेव्हा पट्टी होती. मधे कोणीतरी गुंडाळली. ही."

वहिनींनी पट्टीचं टोक पकडलं आणि ओढलं. काळी पट्टी वेटोळं वेटोळं सुटून जमिनीवर पडली. खालचे खवले दोन बाजूंनी चेपून सपाट झाले होते आणि त्यांवर खोल ओरखडे होते.

"पाइपचे दात," वहिनी म्हणाल्या. "हे लपवायला पट्टी. भावजी, ही पट्टी आज कुठे पाहिलीत?"

भावजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना एकदम सगळं दिसलं. त्यांनी खांबाकडे पाहिलं.

काकूंनीही पाहिलं.

"मी पुलर नेला होता," दादा म्हणाले. "माझी किल्ली पुलरच्या खिळ्याला होती. विचारा."

"किल्ली पुलरच्या खिळ्याला होती, खरंय. पण डोळ्यावर पट्टी असताना कप्तानांनी काय ऐकलं? पेटीची कडी वाजली. पुलर गोणपाटाच्या पिशवीत असतो. या कपाटात कडीची पेटी एकाच हत्याराची आहे." वहिनींचा आवाज चढला नाही, पण त्यातली धार सगळ्यांना लागली. "बोल्ट सोडवायला गॅरेजमधून पाना आणला म्हणालात. त्या गॅरेजवाल्याकडे तुमचं मंडळ निघाल्यापासून गल्लीतलं कोणीही गेलेलं नाही. त्याची तीच तर तक्रार आहे. तुमच्या दाराच्या पाइपचं तोंड चेपलंय, आत ओरखडे आहेत. इथे आणून या मुठीवर घालून बघू?"

दादा जमिनीवर पडलेल्या पट्टीकडे बघत राहिले.

"इथवर मी म्हटलं असतं, माणूस चुकला. कपाटातला सगळ्यात लांब दांडा दिसला, मोह झाला. माझा संताप त्याच्यासाठी नाही." वहिनी दोन पावलं पुढे गेल्या. "अंदाजाने आवळणारा इंजिनाचा खुनी असं म्हणून तुम्ही सगळ्यांना हे हत्यार घ्यायला लावलंत. ते तुमच्या घरात होतं, तुमच्या हाताशी होतं. तरी स्वतःचा बोल्ट तुम्ही हाताच्या अंदाजाने आवळलात. का?"

दादांनी वकिलांकडे पाहिलं, मग कप्तानांकडे.

"कारण बोल्ट सोडवतानाच आतली स्प्रिंग सैल झाल्याचं तुमच्या हाताला जाणवलं. तुम्हाला कळलं की पाना गेला. स्वतःच्या इंजिनाला तुम्ही तो लावला नाहीत. आणि पुसून, पट्टी गुंडाळून, पेटीत घालून परत ठेवलात."

"दादा," काकू म्हणाल्या. आवाज अगदी लहान होता. "मी तुला सांगितलं होतं. तुझ्या दुकानात येऊन सांगितलं होतं, या सुट्टीत बेल्ट करणार म्हणून."

"चिमे, मला वाटलं थोडाफार फरक असेल. मला वाटलं, चालून जाईल." दादांनी तोंडावरून हात फिरवला. "नियम मी केला होता. पहिल्यांदा मलाच काढलं असतं. सगळ्यांसमोर. माझी काय पत राहिली असती?"

"तू म्हणालास, सांभाळून कर."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं. तू मला सांभाळून कर म्हणालास आणि तो पाना माझ्या हातात जाऊ दिलास. आणि मग घरी येऊन, माझ्या पोरांसमोर बसून, मला म्हणालास, कबूल कर." काकूंचा आवाज आता वर चढला. "मी रात्र रात्र आठवत बसले, दादा, माझा हात कुठे चुकला. तू शिकवलेलं एकेक आठवत बसले. मला वाटायला लागलं होतं की मीच चुकले. वकील बोलले त्याचं काही नाही, ते परके आहेत. तू माझ्याकडून माझे हात काढून घेत होतास."

वकील उठून उभे राहिले. "मंडळाच्या वतीने मी..."

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या, आणि वकील बसले.

कप्तान पुढे आले. "हत्याराची चूक सगळ्यांची. इंजिन आपण बांधायचं. उद्यापासून, सगळ्यांनी. पण सोमवारच्या आत नाही होणार, पोरी. वाल्व यायला आठवडा लागेल."

बेकरीवाल्याने आपली गाडी देऊ केली, पण तिच्यात पाट्या ठेवायच्या फळ्या, मुलं कुठे बसणार? मग दादा खांबापासून हलले. त्यांनी खिशातून आपल्या व्हॅनची किल्ली काढली. काकूंच्या व्हॅनसारखीच व्हॅन, तीच बाकं, तेच दार.

"ही घे," ते म्हणाले. "तुझं इंजिन होईपर्यंत. नंतरही. चिमे, घे."

काकूंनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"खिळ्याला लाव," त्या म्हणाल्या.

दादांना आधी समजलं नाही. मग समजलं. ते कपाटापाशी गेले आणि टॉर्क रेंचच्या रिकाम्या खिळ्याला त्यांनी किल्ली अडकवली. परत येताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

काकू कपाटाशी गेल्या. त्यांनी ती किल्ली काढून घेतली आणि त्याच खिळ्याला आपल्या मेलेल्या व्हॅनची किल्ली लावली.

"भावाकडून घेतली नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मंडळाकडून उसनी घेतली. माझी गाडी झाली की परत करीन, आणि मग आपला काही संबंध नाही."

दादा पायऱ्या उतरून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही, कप्तानांनीही नाही.

भावजी आणि वहिनी गॅरेजचा रेंच परत करायला पायी निघाले. चौक ओलांडल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, मी असं काही केलं असतं तर?"

"तुम्हाला जमलं नसतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन सांगितलं असतं."

"आणि तुम्ही काय केलं असतं?"

"ओरडले असते," वहिनी म्हणाल्या. "महिनाभर. चला लवकर, गॅरेजवाला बंद करून जाईल आणि तुमची स्कूटर आत राहील."